किशोरवयीन मूल लहान मुलाला एकटं सांभाळू शकेल का, हे कसं ठरवाल

“ती आता चौदाची झाली, तासभर धाकट्याकडे बघेल की.” बहुतेक घरांत हा निर्णय असा एका वाक्यात होतो आणि तोही बाहेर पडता पडता, दारात. गरज आपली असते, निघायची वेळ झालेली असते आणि समोर एक बऱ्यापैकी समजूतदार मूल उभं असतं. तयारीचा विचार सुचतो तो काहीतरी बिनसल्यावर. बाळ पलंगावरून पडलं आणि ताईने घाबरून कोणाला सांगितलंच नाही, किंवा दादा खोलीत मोबाईलवर आणि धाकटा बाथरूममध्ये बादलीशी, असं काहीतरी घडतं तेव्हा.

चूक सहसा एकाच ठिकाणी होते. वय झालंय, लहान मुलांची आवड आहे, स्वभावाने शांत आहे, एवढ्यावर आपण हो म्हणून टाकतो. या सगळ्या गोष्टी हव्यातच, पण खरा प्रश्न त्यांच्या पलीकडे आहे: जवळपास कोणी मोठं माणूस नसताना अचानक काही झालं, तर हे मूल काय करेल? त्याचं उत्तर अंदाजाने मिळत नाही, थोडं थोडं करून पाहावं लागतं. खालचा क्रम त्यासाठीच आहे. नीट केलं तर दीड-दोन महिने जातात. घाई असेल तर टप्पे गाळू नका, तेवढ्यापुरती दुसरी सोय बघा.

लेखात कुठे मुलगी म्हटलंय, कुठे मुलगा. मुलींना हे उपजत येतं असं धरून त्यांना शिकवायचं नाही आणि मुलग्यांना तर विचारायचंच नाही, हे दोन्ही मी फार पाहिलंय. शिकवावं दोघांनाही सारखंच लागतं.

टप्पा १ : आधी काम नेमकं ठरवा

“तयार आहे का?” हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी तयार? सात वर्षांच्या बहिणीसोबत दुपारी तासभर बसणं वेगळं आणि दहा महिन्यांच्या बाळाला रात्री झोपवणं वेगळं. म्हणून कागदावर लिहून काढा:

१. लहान मूल किती वर्षांचं आहे, आणि मुलं किती आहेत.
२. किती वेळ सांभाळायचं आहे, दिवसा की रात्री.
३. त्या वेळात करायचं काय: भरवणं, डायपर बदलणं, झोपवणं, की नुसतं लक्ष ठेवणं.
४. बोलावलं की दहा मिनिटांत येऊन पोचेल असं मोठं माणूस कोण.
५. लहान मुलाला ॲलर्जी, दमा, फिट असा काही त्रास आहे का.

सांभाळायला सगळ्यात सोपं असतं ते पाच ते नऊ वर्षांचं, जागं आणि पोट भरलेलं मूल. ते बोलतं, काय दुखतंय ते सांगतं. तीन-चार वर्षांचं मूल धावतं, चढतं, पण धोका कळण्याचं ते वय नाही. एक ते तीन वर्षांचं मूल सगळ्यात दमवणारं. हाताला लागेल ते तोंडात जातं आणि पाठ वळवायची सोय नसते. एक वर्षाच्या आतलं बाळ कमी हलतं, पण ते फार नाजूक.

सहा महिन्यांच्या आतलं बाळ किशोरवयीन मुलावर एकट्यावर सोडू नये, मग ते मूल कितीही हुशार असो, असं माझं ठाम मत आहे. इतक्या लहान बाळाचं आजारपण ओळखायला सरावलेली नजर लागते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तरी ते तातडीने डॉक्टरकडे न्यावं लागतं. मोठ्या मुलाच्या बाबतीत आपण जो ताप अंगावर काढतो, तोच इथे धोक्याचा असतो. दूध ओढत नाही, नेहमीपेक्षा मलूल आहे, या खुणा चौदा वर्षांच्या मुलीला “झोप आली असेल” अशा वाटू शकतात, आणि त्यात तिची काही चूक नाही.

आता वयाचं. अमेरिकन रेड क्रॉसचं मुलं सांभाळण्याचं प्रशिक्षण ११ वर्षांपासून घेता येतं. ब्रिटनमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था मात्र सांभाळणारं मूल किमान १६ वर्षांचं असावं असं सुचवते. हे दोन आकडे पालक एकमेकांसमोर ठेवतात आणि गोंधळतात. माझ्या मते त्यांत भांडण नाही. एक वय शिकायला लागण्याचं आहे, दुसरं एकट्यावर सोपवण्याचं. बऱ्याच ठिकाणी कायद्यात यासाठी ठरावीक वय दिलेलं नसतं, पण मुलाकडे दुर्लक्ष झालं तर जबाबदार पालकच धरले जातात. तुमच्या भागात काय नियम आहे ते आधी पाहून घ्या. मी स्वतः धरते तो अंदाज असा: बारापर्यंत फक्त मदतनीस, म्हणजे मोठं माणूस घरात हवंच, तेरा-चौदाला पाच वर्षांवरचं एक मूल, दिवसा, थोडा वेळ, रात्रीचं काम आणि दोन वर्षांच्या आतली मुलं सोळाच्या पुढे.

सावध: दोन मुलं म्हणजे दुप्पट काम असा हिशेब करू नका. दोघं भांडतात, दोघं दोन खोल्यांत जातात. सुरुवात एकाच मुलापासून.

टप्पा २ : दोन-तीन आठवडे नुसतं पाहा

अजून काही शिकवायचं नाही, काही जाहीर करायचं नाही. रोजच्या घरकामात नजर ठेवायची.

चूक झाली की ती स्वतःहून सांगते का? माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी खूण आहे, बाकी सगळ्यांच्या वर. कप फुटला आणि तुकडे गुपचूप टाकून दिले, इथवर ठीक वाटतं. पण तीच सवय घेऊन ती मुलगी उद्या बाळाच्या डोक्याला लागलेलं लपवेल, आणि डोक्याच्या मारात वेळ फार मोलाचा असतो. ती सांगत नसेल, तर आपण तिच्या चुकांवर कसे वागतो तेही तपासा. सांगितल्यावर दर वेळी बोलणीच खावी लागत असतील तर मूल सांगणं बंद करतं. हे आधी दुरुस्त करावं लागेल, आणि ते काम आपलं आहे.

फोन हातात असताना तिला हाक ऐकू येते का? ती काहीतरी बघत असताना सहज म्हणा, “पंधरा मिनिटं याच्याकडे लक्ष ठेव गं,” आणि लांबून पाहा. मान किती वेळा वर होते? एकदाही नाही झाली तर उत्तर मिळालं.

चिडल्यावर काय होतं? धाकटा मुद्दाम छळतो, वही फाडतो, तेव्हा बघा. आवाज चढला, तणतणत निघून गेली, तर ते चालण्यासारखं आहे. निघून जाणं तर उलट चांगलं. पण हात उचलला, दंड धरून ओढलं किंवा खोलीत कोंडलं, तर पुढचे टप्पे सहा महिने पुढे ढकला आणि आधी रागावर काम करा.

कामाची शेपटं मागे राहतात का? गॅस बंद केला का, दाराची कडी लावली का, कात्री उचलून ठेवली का, हे विचारावं लागत असेल तर अजून वेळ आहे.

गल्लत इथे होते: शाळेतले मार्क आणि पाहुण्यांसमोरचं वागणं बघून निर्णय घेतला जातो. मेंदूचा जो भाग आवर घालतो आणि पुढचा विचार करतो, तो पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. शांत असताना पोक्त बोलणारा मुलगा घाबरल्यावर पार वेगळा वागू शकतो. म्हणून पुढे शिकवताना समजावण्यापेक्षा हातून करून घेण्यावर भर आहे. घाबरल्यावर सवय कामी येते.

टप्पा ३ : विचारा, आणि “नको” म्हणायची मुभा द्या

“तुला आवडेल का? भीती कशाची वाटते?” एवढे दोनच प्रश्न विचारा. “मला बाळाची भीती वाटते” असं म्हणणारा मुलगा प्रामाणिक आहे, त्याला मोठ्या मुलापासून सुरुवात करू द्या. “त्यात काय, सोपं असतं” असं उत्तर आलं तर मला जास्त काळजी वाटते.

घरातल्याच भावंडांच्या बाबतीत हा टप्पा सर्रास गाळला जातो. मोठं आहे म्हणजे सांभाळणं त्याचं कर्तव्यच, असं गृहीत धरतो आपण. जबरदस्तीने बसवलेल्या मुलाचं लक्ष घड्याळाकडे असतं. आणि भावंडांत आधीची भांडणं असतात. धाकट्याला ताईचं ऐकायची सवय नसते. “मी नसताना ताई म्हणेल ते ऐकायचं” हे आपण धाकट्याला ताईसमोर सांगायला हवं, आणि “त्याला शिक्षा करायचा हक्क तुला नाही” हे ताईला एकटीला बाजूला घेऊन.

टप्पा ४ : आधी ती स्वतः एकटी राहते का

दुसऱ्याला सांभाळण्याआधी स्वतः घरात एकटं राहता यायला हवं. आधी अर्धा तास, मग दोन तास. दार वाजलं तर काय करायचं, लाइट गेली तर काय, अनोळखी माणसाने फोनवर “घरात कोण आहे?” विचारलं तर काय सांगायचं, हे या वेळात कळतं.

तपासा: दोन तासांत तिने किती वेळा फोन केला? एक-दोनदा, कामापुरता केला तर उत्तम. दर पाच मिनिटांनी केला तर ती घाबरलेली आहे. एकदाही केला नाही आणि ठरलेला फोनही विसरली, तर तेही ठीक नाही.

टप्पा ५ : “काय करशील?” असं विचारून पाहा

परीक्षा घेतल्यासारखं नको. भाजी निवडताना, चालताना एकेक प्रसंग टाका आणि उत्तर मधेच न तोडता ऐका.

“बाळ अर्धा तास रडतंय, थांबतच नाही.” भूक, डायपर, अंगाला टोचणारं काही, उकाडा असं एकेक बघून मग फोन करेन, हे उत्तर चांगलं. “रडून रडून झोपेल” हे उत्तर आलं की शिकवायचं बाकी आहे असं समजा.

“तो म्हणतो, आई मला रोज गच्चीवर एकटं जाऊ देते.” खात्री होईपर्यंत नाही म्हणेन, असं यायला हवं.

“दारात ओळखीचे काका आलेत, पण ते येणार असं तुला कोणी सांगितलं नव्हतं.” ओळखीचे असले तरी दार न उघडता आधी फोन.

“तुझ्या हातून त्याचं बोट दारात चेमटलं. रडणं थांबलंय, बाहेरून काही दिसत नाही.” इथे मी उत्तराआधी चेहरा बघते. लगेच “सांगेन” येतं की क्षणभर हिशेब होतो? हिशेब होत असेल तर टप्पा २ कडे परत जा.

चुकीचं उत्तर आलं म्हणून मूल नापास होत नाही. तोच प्रसंग आठवड्याने जरा बदलून पुन्हा विचारा. उत्तर सुधारलं असेल तर ते शिकतंय.

टप्पा ६ : शिकवा, हातांनी करून घेऊन

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रथमोपचाराचा वर्ग मिळत असेल तर आधी तिथे पाठवा. बाहुल्यावर दाब देऊन जे कळतं ते वाचून कळत नाही. घरी निदान एवढं पक्कं करून घ्या.

घशात अडकणं. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्यायचं. खोकला फुटत नाही, आवाज निघत नाही, चेहऱ्याचा रंग बदलतोय, म्हणजे श्वासमार्ग बंद झालाय. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला हातावर पालथं घेऊन, डोकं छातीपेक्षा खाली ठेवून आणि जबड्याला आधार देऊन, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. एवढ्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही. एक वर्षावरच्या मुलाला पाठीवर ५ थापा आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, आत-वर असे ५ झटके. तोंडात दिसत नसलेल्या गोष्टीसाठी बोट घालून चाचपायचं नाही, ती आणखी आत जाते. हे चालू असतानाच स्पीकरवर आपत्कालीन क्रमांक लावायचा. मूल बेशुद्ध झालं तर सीपीआर (छातीवर ठरावीक दाब आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करायचा, आणि तो वर्गातच शिकायला हवा.

अडकू न देणं त्याहून सोपं. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या लहानग्यांना द्यायच्या नाहीत. खेळताना, पळताना, आडवं पडून खाणं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सोपा नियम: आई-बाबांनी काढून ठेवलंय तेवढंच द्यायचं.

रडणं आणि हलवणं. हे प्रत्येक मुलाला डोळ्यांत बघून सांगा. बाळाला कधीही, कितीही राग आला तरी, गदागदा हलवायचं नाही. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात. हलवल्याने मेंदूला इजा होते, जीवही जातो. पण नुसतं “हलवू नकोस” म्हणून भागत नाही, मग करायचं काय तेही सांगावं लागतं. बाळाला पाळण्यात उताणं ठेवायचं, खोलीबाहेर यायचं, पाच-दहा मिनिटं दीर्घ श्वास घ्यायचा, घरी फोन करायचा. रडतं बाळ सुरक्षित जागी ठेवून बाजूला होणं यात काही वाईट नाही. हे आपल्याच तोंडून ऐकलं की मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

झोप. एक वर्षाच्या आतलं बाळ उताणंच झोपवायचं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी यांतलं काही न ठेवता. सोफ्यावर बाळाला घेऊन स्वतः आडवं व्हायचं नाही. डोळा लागतो आणि बाळ फटीत जातं. दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं.

पाणी. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडणारं मूल सहसा आवाज करत नाही. बादल्या रिकाम्या, बाथरूमचं दार बंद. पहिले कित्येक महिने आंघोळ घालणं हे काम तिच्याकडे देऊच नका.

भाजणं. लगेच थंड, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तेल नाही. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही. आणि ती एकटी असताना गॅस पेटवायचाच नाही, म्हणजे अर्धा धोका तिथेच संपतो.

बटणासारखे चपटे सेल. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांत असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम करतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, उलटी काढायची नाही, फोन आणि थेट रुग्णालय.

डोक्याला मार. टेंगूळ छोटं असो की मोठं, फोन करायचाच. वारंवार उलटी, शुद्ध जाणं, न उठवता येणारी झोप, फिट यांतलं काही दिसलं तर आधी आपत्कालीन क्रमांक, मग आई-बाबा.

औषध द्यायचंच नाही, तापाचंसुद्धा नाही. दम्याचा पंप, ॲलर्जीवरचं इंजेक्शन असं लागणारं मूल असेल तर ते एकट्यावर सोपवण्याआधी तिने ते मोठ्यांसमोर वापरून दाखवलेलं असावं.

तपासा: चार दिवसांनी न सांगता विचारा, “एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर?” तोंडी नको, बाहुलीवर करून दाखवायला लावा. हात अडखळले तर पुन्हा शिकवा.

टप्पा ७ : तुम्ही घरात, पण नसल्यासारखे

निदान तीन-चार वेळा करा, प्रत्येक वेळी तास-दीड तास. तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं. जिवावर बेतणारं काही नसेल तोवर बाहेर यायचं नाही.

आपल्यालाच हे जड जातं. धाकट्याने टाहो फोडला की पाय आपोआप उठतात, आणि मग मोठीला कळतं की आई येतेच. मुलं रडून, रुसून ताईची परीक्षा बघतात. ती कशी निभावते ते आपल्याला बघायचंय. वहीत टिपून ठेवा आणि नंतर बोला. मधे बोलू नका.

एक वर्षाच्या आसपासची मुलं आई दिसेनाशी झाली की आकांत मांडतात. साधारण आठव्या महिन्यापासून हे सुरू होतं आणि पुढचे बरेच महिने चालतं. ते होणारच आहे, तुझ्यामुळे रडत नाहीये, असं तिला आधीच सांगा. आणि निघताना चोरून निघू नका. निरोप घेऊन, पटकन निघा. चोरून गेलेल्या आईला शोधत फिरणारं मूल सांभाळणं जास्त अवघड.

टप्पा ८ : घर आणि कागद तयार करा

औषधं, फिनेल, काड्यापेटी, सुऱ्या वर आणि कुलपात. खिडकीखालचं स्टूल हलवा. मूल जिथे वावरणार तेवढी एक-दोन खोल्यांचीच हद्द ठरवून द्या.

कागद फोनमध्ये नको, भिंतीवर हवा. बॅटरी संपते. त्यावर हे असावं: घराचा पूर्ण पत्ता आणि मजला (घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही आठवत नाही), आपत्कालीन क्रमांक, दोन्ही पालकांचे नंबर, जवळच्या एका मोठ्या माणसाचा नंबर, मुलाचं नाव, वय, वजन, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, आणि खाण्या-झोपण्याच्या वेळा.

सावध: “काही लागलं तर फोन कर” हे वाक्य फार मोघम आहे. मुलांना वाटतं, एवढ्या-तेवढ्यासाठी कसा करू? त्यापेक्षा नक्की सांगा: पडलं, उलटी झाली, अंग तापलं, वीस मिनिटांहून जास्त रडलं, दारात कोणी आलं, किंवा तुला नुसतं कसंतरी वाटलं, तर फोन. आणि तो फोन आला की आपण वैतागून उचलायचा नाही. एकदा वैतागलात की पुढचा फोन येणार नाही.

टप्पा ९ : पहिली एकटी वेळ

दिवसा. एक तास. मूल झोपून उठलेलं, पोट भरलेलं. तुम्ही दहा मिनिटांच्या अंतरावर. तिच्या मैत्रिणी घरात नाहीत. तिचा फोन फक्त कॉलसाठी, तो वाजेल असा ठेवलेला. अर्ध्या वेळाला तुम्ही एकदा फोन करणार हे ठरलेलं.

पहिलीच वेळ रात्रीच्या कार्यक्रमाला ठेवू नका. तुम्ही गर्दीत, फोन ऐकू येणार नाही, उशीर होणार, आणि मूल झोपेच्या वेळी सगळ्यात किरकिरं. सगळ्या अवघड गोष्टी एकाच रात्री एकत्र येतात.

ठरलेल्या वेळेच्या आधी पोचलात तर चालेल, उशीर मात्र करू नका. पहिल्या वेळी तासाचे दीड तास झाले की तुमच्या शब्दावरचा तिचा भरवसा जातो.

टप्पा १० : परत आल्यावर, त्याच दिवशी

“सगळं ठीक ना?” असं विचारलंत तर “हो” एवढंच मिळेल. त्याऐवजी, “सगळ्यात अवघड काय गेलं?” असं विचारा. मग गप्प बसा. चूक सांगितली तर आधी “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणा, सुधारणा नंतर.

लहान मुलाशीही वेगळं बोला: ताईबरोबर काय खेळलात, रडू आलं का, ताई कुठे बसली होती? अंगावर खरचटलंय का, मूल ताईजवळ पुन्हा मोकळेपणी जातंय का, हेही बघा. मूल तिच्यापासून अंग चोरत असेल तर त्याचं कारण कळेपर्यंत पुढची वेळ ठरवू नका.

टप्पा ११ : एका वेळी एकच गोष्ट वाढवा

तीन-चार वेळा सुरळीत झालं की वाढवा, पण एकच. वेळ वाढवलीत तर मूल तेच, दिवस तोच. संध्याकाळ केलीत तर तासभरच. पालक इथे सरसावतात: एकदा जमलं म्हणून पुढच्या शनिवारी दोन मुलं, पाच तास आणि रात्रीचं जेवण. मग काही बिघडलं तर नेमकं काय जड झालं तेही कळत नाही. परीक्षा, आजारपण, घरातला ताण असेल त्या आठवड्यांत तर एक पायरी खालीच या.

दुसऱ्यांच्या घरी पाठवण्याआधी

आपल्या घरी जमलेलं मूल दुसऱ्याच्या घरी लगेच जमवेल असं नाही. तिथे कडी वेगळी, कुत्रा वेगळा, आणि फोन करायची भीड जास्त. आता काळजी दोन मुलांची, लहान मुलाची आणि आपल्या मुलाची. त्या घरातल्या मोठ्यांना तुम्ही स्वतः भेटलेले असा. आधी एकदा ते घरी असताना तिने जाऊन यावं.

हे सगळं तोंडी न ठेवता ठरवून घ्या: किती वाजेपर्यंत, घरी कोण सोडणार, पैसे किती आणि कधी, घरात आणखी कोण येणार-जाणार. भांडी, झाडलोट ही कामं त्यात धरलेली नाहीत, हेही बोला. लहान मुलाचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत, हा नियम आपल्या मुलाला.

आणि एक सुटकेची खूण ठरवा, एखादा साधासा शब्द. तो शब्द मेसेजमध्ये आला की कारण न विचारता तुम्ही न्यायला जाणार. परतलेलं मोठं माणूस नशेत असेल आणि “चल, गाडीवर सोडतो” म्हणत असेल, तर नकार द्यायला आणि तिथेच थांबून तुम्हाला बोलवायला तिला जमलं पाहिजे. हा प्रसंगही घरी बोलून, वाक्यं म्हणून सराव करण्यासारखा आहे. मोठ्यांना नाही म्हणायची सवय मुलांना नसते, वाक्य तयार असलं की तोंडातून निघतं: “थँक्यू, पण बाबा निघालेत मला घ्यायला.”

दर तीन महिन्यांनी टप्पा १ चा कागद पुन्हा काढा. सांभाळणारी तीच असते, पण रांगणारं बाळ तोवर चालायला लागलेलं असतं आणि स्टुलावर चढणारं मूल कडीपर्यंत पोचलेलं असतं.